त्रेचाळीस दातांची सायकल

“मेरूला मोजायचं न्हाय, विजू. मेरू म्हंजे द्येव. द्येवाला कुनी मोजतं व्हय? त्येच्या फुडल्या मण्यापासनं धरायचं, आन फिरून त्येच्यापाशी आलीस की थांबायचं.”

मायाक्का आत्याने हे सांगितलं तेव्हा विजयमाला नऊ वर्षांची होती आणि आत्याची रुद्राक्षाची माळ तिच्या दोन ओंजळींतही मावत नव्हती. त्यानंतर चाळीस वर्षं झाली. रोज पहाटे अकरा माळा. तापातही झाल्या, बाळंतपणातही झाल्या, आणि मेरुमणी एकदाही मोजला गेला नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे सोलापुरातल्या बऱ्याच शहाण्या माणसांची झोप या एका सवयीने उडवली, आणि त्यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

विजयमाला वाघमोडे राहते जुळे सोलापुरात. सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कार्यालयात ती आवक-जावक सांभाळते. ती हळू बोलते. इतकी हळू की भाजीवाला तिला नेहमी पावशेर जास्त देतो, कारण ती काय म्हणाली हे पुन्हा विचारायला त्याला लाज वाटते. सोमवार, एकादशी, चातुर्मासात कांदा-लसूण आणि पायात चप्पल वर्ज्य, हे सगळं तिचं चालूच असतं. पण तिचा सगळ्यात अवघड नेम म्हणजे खोटं बोलायचं नाही. सरकारी कार्यालयात हा नेम सत्तावीस वर्षं पाळणं काय असतं, ते ज्याला ठाऊक त्याला ठाऊक.

आणि मोजणी. कॉलनीतल्या बायकांच्या मंडळाने लाख वातींचा संकल्प केला तेव्हा मोजायचं काम तिच्याकडेच आलं. विजूताईंनी मोजलं म्हणजे मोजलं, त्यावर पुन्हा कोणी बोट ठेवायचं नाही, असा कॉलनीचा कायदाच आहे.

गेल्या वर्षी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ती सायकल शिकली. निळ्या रंगाची, पुढे दांडा नसलेली बायकी सायकल. त्या सायकलखेरीज दुसऱ्या कुठल्याही सायकलवर तिला चढता येत नाही. शेजारच्या अण्णारावांच्या सायकलवर तिने एकदा प्रयत्न केला होता. त्यांच्या कोरफडीच्या कुंड्या तेव्हापासून गच्चीवर गेल्या. पण निळीवर मात्र ती रोज ऑफिसला जाते आणि रोज परत येते, आणि दर वेळी फाटकात उतरल्यावर तिला वाटतं, हे आपण केलं?

आषाढ संपता संपता कुंभारीहून आत्याचा फोन आला. आत्या आता ऐंशीच्या पुढे. मेंढरं विकून झाली, चार शेळ्या तेवढ्या राहिल्यात, आणि लेकाजवळ, धनाजीजवळ, कामगारांच्या घरकुलात असते.

“तू सायकल चालवतीस म्हनं.”

“हो आत्या. रोज ऑफिसला जाते.”

“थापा मारू नगंस. माळंवर हात ठिवून सांग.”

विजयमालाने खरंच देव्हाऱ्यातून माळ आणली आणि हातात धरून सांगितलं.

“मंग हितं ये तिच्यावर बसून. फुडल्या मंगळवारी माज्या डोळ्याचं आपरेशन हाय. त्येच्या आदी ये.”

“ऑपरेशननंतर जास्त स्वच्छ दिसेल की, आत्या. श्रावणात कधीही येते.”

“त्ये न्हाय. ह्या डोळ्यातलं काडून डाक्टर आपलं कायतरी बशिवनार. त्येच्या डोळ्यानं काय बघायचं? त्यो दावील तसं दिसायचं. मला माज्या डोळ्यानं बघायचंय.” मग फोनमधून थोडा वेळ नुसती शेळी ऐकू आली. “तू ल्हान हुतीस तवा मास्तराच्या सायकलीवर बसाय रडलीस. तुज्या बानं काठी उगारली. म्या तितंच हुते की. गप बसले. आता बघू दी तरी.”

विजयमालाच्या हातात माळ तशीच होती. “सोमवारी सकाळी येते,” ती म्हणाली. “सायकलवरच येते.”

माळ हातात असताना दिलेला शब्द. त्याला माघार नसते.

हा फोन मंगळवारी झाला. बुधवारी सकाळी दहाला पाच मिनिटं असताना सात रस्त्याच्या ऐन मध्यावर तिच्या उजव्या पायाखालचं सगळं निघून पडलं. पायडल, पायडलची दांडी आणि त्या दांडीला जोडलेलं दातेरी चाक, असा एकत्र ऐवज खणखणत रस्त्यावर लोळला. सातही रस्त्यांची वाहनं थांबली. कोणी हॉर्न वाजवला नाही. एका बाईच्या सायकलचं काळीज बाहेर पडलंय, हे बघून रिक्षावालेसुद्धा गप्प झाले.

चौकातला पोलीस पुढे आला. त्याने ते चाक दोन्ही हातांनी उचललं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. दोन्ही हातांनी आलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची आणि कपाळाला लावायची, ही तिची सवय. तिने लावली. ऑफिसात दिवसभर तिच्या कपाळावर काळं वंगण होतं आणि कोणीही काही बोललं नाही. मोठ्या साहेबांनी तर फाईल देताना मान जरा झुकवली. नवीन नेम असावा, अंगारा असेल, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी सायकलच्या दुकानातल्या माणसाने लांबूनच बघून निदान केलं. “दांडीचं भोक झिजलंय, ताई. पुन्हा बसवलं तरी पुन्हा पडणार. अख्खा चेनसेट नवा घ्यायचा. दांडी आन चाक एकत्रच येतं. किती दाताचा हाय?”

“दात?”

“चाकाचे दात ओ. मोजून या, मग बघू.”

घरी येऊन तिने हातपाय धुतले आणि चाक रॉकेलने धुऊन वर्तमानपत्रावर ठेवलं. वर्षभर जिच्यावर बसून रोज ये-जा केली, तिच्या खालच्या बाजूला हे असं काही आहे, हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं. गोल, काळं, आणि काठावर सगळीकडे एकसारखे दात. प्रत्येक दात मागच्या दातासारखाच, आणि प्रत्येक दोन दातांमध्ये साखळीचा एक मणी बसेल एवढीच जागा. कोणी केलं असेल हे? कुठल्या गावात? त्या माणसाला कळलं असेल का, की आपलं हे चाक एक दिवस जुळे सोलापुरातल्या एका कारकुनाला दहाच्या आत ऑफिसात पोहोचवणार आहे?

सुरुवात कुठून केली हे विसरू नये म्हणून तिने एका दाताला कुंकवाचं बोट लावलं. मग त्याच्या पुढच्या दातापासून धरलं. फिरून कुंकवापाशी आली आणि थांबली.

त्रेचाळीस.

पुन्हा मोजलं. त्रेचाळीस. तिसऱ्यांदा मोजलं, तेव्हाही त्रेचाळीस.

तिचे यजमान कुमार सर एका शाळेत गणित शिकवतात. हा आकडा ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला. सर चष्मा काढतात तो एकतर झोपताना, नाहीतर फार मोठी गोष्ट समोर आल्यावर.

“त्रेचाळीस? विजू, ही मूळ संख्या आहे.”

“म्हणजे वाईट का?”

“वाईट? अगं, हिला कशानेही भाग जात नाही. साखळीचा एखादा मणी आज ज्या दातावर बसला, तो पुन्हा त्या दातावर यायला किती फेरे लागतील याचा विचार कर. झीज सगळीकडे सारखी. कोणा थोर माणसाने केलेलं काम आहे हे.” सरांनी चाकाला अलगद हात लावला. “तू नीट मोजलंस ना?”

तिने नुसतं बघितलं. सव्वीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता, आणि विचारल्याबद्दल त्यांनी लगेच चहा टाकला.

चहाला अण्णाराव आले. अण्णाराव पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत, आणि पाणी सोडून सगळ्या विषयांवर बोलतात. पाण्याचा विषय निघाला की लोक चिडतात. त्यांनी चाक बोटाच्या टोकाने फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, “जर्मन.”

“सायकल इथूनच घेतलीय, अण्णा.”

“सायकल इथली असेल हो. चाक जर्मन. चुकून आलं तुमच्या वाट्याला. जर्मन माणूस सम आकड्यात काही करत नाही. हे जपा, वहिनी. असलं सोलापुरात दुसरं नसणार.”

आणि नव्हतंच. गुरुवारी तिने ऑफिसातून अर्धी रजा काढली. रजेच्या अर्जावर कारण लिहायचं असतं. तिने खरं ते लिहिलं, ‘चाकाला दात मिळवणे’. आस्थापना विभागाने तो अर्ज वैद्यकीय रजेत धरला आणि दातांच्या डॉक्टरांचा दाखला मागितला. ते प्रकरण अजून चालू आहे.

चार दुकानं झाली. बेचाळीसचा होता, चव्वेचाळीसचा होता, अठ्ठेचाळीसचा होता. त्रेचाळीस म्हटल्यावर दुकानदार गल्ल्यावरून उठून पुढे यायचे. एकाने ते चाक हातात घेऊन मोजायला सुरुवातही केली. पण समोर उभी असलेली ही शांत, अनवाणी बाई “मी तीनदा मोजलेत” असं इतक्या हळू म्हणाली की त्याने चाक आदबीने परत केलं. चौथ्या दुकानातला म्हातारा चाक उजेडात धरून बघत राहिला. मग म्हणाला, “आमचे वडील म्हणायचे, असतो एक. त्यांनी बी बघितला नव्हता.”

शुक्रवारी सकाळी घट्ट कपडे आणि हेल्मेट घातलेले सायकल मंडळाचे तिघे जण दारात आले. त्यांना कुठून कळलं, तर कुमार सरांनी बुधवारीच शाळेच्या ग्रुपवर ‘आपल्या सायकलीतील त्रेचाळीसचे गूढ’ असा लेख टाकला होता, आणि तो फिरत फिरत विजापूर रस्त्यापर्यंत पोहोचला होता. चाक पाटावर ठेवलेलं होतं. तिघांनी बूट काढले. एकाने फोटो घेतला. एक जण वाकून ओठातल्या ओठात मोजू लागला, तर सरांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि मूळ संख्या सांगितल्या. तो मोजणी विसरला आणि जाताना पाया पडला.

या सगळ्यात सोमवार एक एक दिवसाने जवळ येत होता. धनाजीचा फोन आला, “आय रोज इचारती, विजूताई कवा येनार. डाक्टरला बी सांगितलं, सोमवारी माज्याकडं पावनी हाय, त्या दिशी डोळ्यात थेंब घालायचं न्हाय.” विजयमालाने देवापुढे दिवा लावला. मागायचं काय, हे तिला सुचेना. देवाला चेनसेट मागणं बरं दिसत नाही.

पुण्याहून लेकीने, संस्कृतीने, तिकडूनच मार्ग काढला होता.

“आई, त्रेचाळीसचा जगातच नाहीये. मी सगळीकडे शोधलं. बेचाळीसचा मागवलाय, शनिवारी सकाळी पोचेल.”

“एक दात कमी पडेल गं.”

“एका दाताने काय होतंय? बाबांना दोन नाहीयेत.”

शनिवारी डबा आला. आतला चेनसेट असा लखलखत होता की तिने आधी दाराला कडी लावली. नवी वस्तू घरात आली की हळदकुंकू लावायचं, दोन अक्षता वाहायच्या, मगच हात लावायचा. तसं झालं. मग कुमार सर आणि अण्णाराव ती वस्तू सायकलला बसवायला बसले, आणि बारा वाजेपर्यंत बसूनच राहिले. सायकलीच्या पोटातून बाहेर आलेलं आडव्या दांड्याचं, म्हणजे पायडलच्या आसाचं, टोक चौकोनी, बोटाएवढं. आणि नव्या दांडीचं भोक गोल, मोठं आणि आतून बारीक बारीक खाचांचं.

“जोर लावला तर बसेल,” अण्णाराव म्हणाले.

“चौकोन वर्तुळात बसत नाही, अण्णा.”

“तुम्ही गणितवाले आधीच हार मानता.”

पाण्याच्या पाइपला लावतात ती दोरी आणि रंग आणायला अण्णाराव निघाले, तेव्हा विजयमालाने चेनसेट हळूच उचलून डब्यात ठेवला. परत पाठवायचं ठरलं. त्यासाठी फोनवर कारण निवडायचं होतं. पर्याय तीन. वस्तू सदोष आहे. वस्तू चुकीची पाठवली आहे. माझे मन बदलले आहे.

ती त्या तीन ओळींपुढे पाऊण तास बसली. वस्तू सदोष नव्हती, उलट इतकी निर्दोष वस्तू घरात दुसरी नव्हती. चुकीची पाठवली म्हणावं, तर त्यांनी मागितली तीच पाठवली होती. आणि मन? मन तर मंगळवारी बदललं नव्हतं, आज बदललं नव्हतं, आणि कुंभारीला पोचेपर्यंत बदलणार नव्हतं.

“काहीही दाब गं,” कुमार सर म्हणाले. “तिकडे कोण वाचतंय?”

शेवटी तिने मदत केंद्राला फोन लावला. तिकडची मुलगी दर वाक्याला “मॅम, आपला आवाज येत नाहीये” म्हणत होती. सरांनी फोन घेतला आणि मूळ संख्यांपासून सुरुवात केली. मुलीने घाईने फोटो पाठवायला सांगितलं. फोटो गेला. दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘वस्तूवर लाल व पिवळे डाग आहेत. वापराच्या खुणा असल्याने परत घेता येत नाही.’

तो चेनसेट आता टीव्हीच्या कपाटावर असतो. पाहुणे त्याला शोभेची वस्तू समजतात आणि कुठल्या प्रदर्शनातून घेतली म्हणून विचारतात.

शनिवारी संध्याकाळी, जुनं चाक पूजेच्या पिशवीत घालून, आणखी एका दुकानातून रिकाम्या हाताने निघून ती सात रस्त्यावर आली. चौकात तोच पोलीस.

“त्या दिवशीचं चाक मिळालं का, ताई?”

न मिळाल्याचं तिने सांगितलं. किती दातांचं ते त्याने विचारलं नाही. असलं विचारायचं त्याला सुचलंच नसावं. “मागच्या बोळात बसलिंगप्पा म्हणून एक जण हाय. बोर्ड न्हाय. सोमवारी बंद ठिवतो. उद्या सकाळी जावा, आन सायकल बी घिऊन जावा. नुसतं चाक बघून त्यो बोलत न्हाय.”

रविवारी कुमार सरांनी सायकल ढकलत आणली, विजयमालाने चाक आणलं. बोळात एक पत्र्याची खोली. आत सत्तरीचा एक बारीक माणूस, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. तो हत्यारांची पूजा करत होता. एकेका पान्यावर बेलाचं एकेक पान. पूजा होईपर्यंत त्याने वर बघितलं नाही, आणि विजयमालाला या दुकानात आल्यावर पहिल्यांदाच बरं वाटलं.

“बर्री अक्का, या,” तो म्हणाला. “काय झालंय?”

कुमार सरांनी घसा साफ केला. “त्याचं असं आहे, हा चेनसेट त्रेचाळीस दातांचा आहे. त्रेचाळीस ही मूळ संख्या असल्यामुळे...”

बसलिंगप्पाने चाक घेतलं, खडूने एका दातावर रेघ मारली आणि अंगठ्याच्या नखाने एकेक दात मागे टाकत कानडीत पुटपुटत फिरला. रेघेपाशी आला. “चव्वेचाळीस.”

“त्रेचाळीस,” विजयमाला म्हणाली.

त्याने पुन्हा मोजलं. “चव्वेचाळीस हाय की. तुमी कसं मोजलं, अक्का?”

तिने दाखवलं. कुंकवाचा दात अजून तांबूस होता. त्याच्या पुढच्या दातावर तिने बोट ठेवलं, आणि तिचं बोट तिथेच राहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिने मेरूकडे मेरू म्हणून न बघता नुसतं बघितलं. तो दात होता. इतर दातांसारखाच.

बोळात कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. कुमार सर पत्र्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांपुढून शाळेचा ग्रुप, सायकल मंडळ आणि पाया पडून गेलेला तो तरुण जात असावा. “चव्वेचाळीस म्हणजे,” ते फार हळू म्हणाले, जवळजवळ विजयमालाच्या आवाजात, “अकरा चोक.”

आणि लाख वाती? त्याही आपणच मोजलेल्या, हे विजयमालाला आठवलं. पण त्या माळेवर मोजल्या होत्या, तिथे मेरू खराच मेरू होता. शिवाय या रीतीने चूक झाली तर मोजल्यापेक्षा एक जास्तच जाते, कमी जात नाही. देवाकडे जास्त गेलेलं परत मागता येत नाही, पण कोणी त्याबद्दल रागावतही नाही.

बसलिंगप्पा हसला नव्हता. “मेरू सोडला व्हय,” तो म्हणाला. “माळंला बरोबर हाय ते. पन सायकलीत कुठला बी दात मोठा न्हाय, अक्का. समद्यांनी सारकंच वडायचं. एकानं सुट्टी घेतली की चेन उडाली.”

कीर्तनातही तिने हे कधी इतक्या थोडक्यात ऐकलं नव्हतं.

“आन दाताचं काय एवढं?” तो सायकल उलटी करत म्हणाला. “बेचाळीस चालतंय, चव्वेचाळीस चालतंय, चाळीस बी चालतंय. दुकानवाला दात इचारतो, कारण त्येला डब्यावर तेवढंच वाचता येतं. खरं हितं बघायचं. नोडी.”

त्याने सायकलीच्या पोटातल्या दांड्याचं टोक फडक्याने पुसलं आणि तिला वाकून बघायला लावलं. चौकोनी टोक, बाहेरच्या बाजूला जरासं निमुळतं होत गेलेलं. त्याने दांडा दोन बोटांनी फिरवला. आतून काही ऐकू येईना. त्या काळ्या नळीत, कोणालाही न दिसणाऱ्या जागी, बारीक गोळ्या एकमेकींना न दुखवता फिरत होत्या, आणि वर्षभर तिचं सगळं वजन त्यांनी तोललं होतं. विजयमालाने हात जोडले. असे हात ती रोज जोडते, पण आज ते आपोआप जोडले गेले.

“दांडा चांगला हाय. ह्याच्या निमुळत्याला जुळंल असा चेनसेट पायजे. दिसाय समदे चौकोन सारके. पन केसाएवढा फरक असतोय.”

त्याने फळीवरून एक काढला आणि बसवला. तो फार आत गेला, चाक सायकलीच्या नळीला घासू लागलं. दुसरा काढला. तो बाहेरच अडला. कुमार सरांना तो पसंत पडला. बसलाय की चांगला, ते म्हणाले. बसलिंगप्पाने त्यांना मागच्या चाकाच्या मागे उकिडवं बसवलं आणि एक डोळा मिटायला सांगितला. साखळी तिरकी जात होती, जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी. “ही कुंभारीपर्यंत न्हाय जायची,” तो म्हणाला. कुंभारीचं त्याला विजयमालाने कधी सांगितलं, ते सरांना कळलंच नाही. ती इतकं हळू सांगते.

मग त्याने खालचा एक पत्र्याचा डबा ओढला. जुने, पण पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळलेले चेनसेट. तो एकेकाचं भोक अंगठ्याने चाचपत होता, डोळे मिटून. अर्धा तास गेला. बाराव्या की तेराव्या चेनसेटवर अंगठा थांबला. तो त्याने टोकावर ठेवला, पान्याने आवळला, साखळीचे दोन मणी काढून ती जोडली आणि विजयमालाला मागे बसवून एक डोळा मिटायला सांगितला.

मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत साखळी सरळ होती. निरांजनाची वात वारा नसताना उभी राहते तशी सरळ. त्याने हाताने पायडल फिरवलं आणि ती सरळ रेघ न हलता फिरत राहिली.

“साखळीवरचं झाकण बसत न्हाय,” तो म्हणाला. “ही दांडी कमरंत जाड हाय. साडी अडकंल. तेवढं बघा.”

“बघते,” ती म्हणाली.

“दात मोजून घ्या, अक्का.”

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही बसवलंय ना.”

रविवारची संध्याकाळ कुमार सरांनी शुद्धिपत्रक लिहिण्यात घालवली. तीन मसुदे झाले. पहिल्यात त्यांनी दोष मोजणीच्या पद्धतीला दिला, दुसऱ्यात स्वतःला. तिसऱ्यात त्यांनी एवढंच लिहिलं, ‘त्रेचाळीसऐवजी चव्वेचाळीस वाचावे. मूळ संख्यांविषयीचा मजकूर तरीही खरा आहे.’ सायकल मंडळाच्या त्या तरुणाने त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. अण्णारावांनी मात्र मानलं नाही. त्यांच्या मते जुनं चाक त्रेचाळीसच होतं, आणि बसलिंगप्पाने ते बदललं.

सोमवारी पहाटे विजयमालाने अकरा माळा पूर्ण केल्या. मग कपाटाच्या वरच्या खणातून, लग्नाकार्यापुरतं काढायचं ते नऊवारी काढलं आणि कासोटा घट्ट खोचून नेसली. सगळं मागे आवळलेलं, उजव्या पायाशी एकही निरी लोंबत नव्हती. आत्याने जन्मभर असंच नेसून मेंढरांमागे रानं पालथी घातली होती. साखळीला हात घालायला जागाच नव्हती.

कुमार सर उठून बाहेर आले होते. त्यांनी दोन्ही चाकांत हवा भरली. “मी स्कूटर घेऊन मागून येऊ का? पंधरा-सोळा किलोमीटर आहे. लांबून येतो.”

“नको.”

“मग धनाजीला फोन करून ठेवतो.”

“त्यालाही नको,” ती म्हणाली. “आत्याने आधी बघू दे.”

सर बाजूला झाले. ती बसली. उजव्या पायाने नवी दांडी खाली दाबली आणि निळी सायकल फाटकातून बाहेर पडली. कट नाही, खट नाही, काहीच आवाज नाही. अण्णाराव गॅलरीत दात घासत उभे होते. ती खालून गेली तेव्हा त्यांना दिसलीच नाही. पुढच्या वळणावर दिसली, तेव्हा त्यांनी सल्ला द्यायला तोंड उघडलं, पण तोंडात फेस होता.

उजाडायला लागलं होतं. रस्ता मोकळा होता. पदर कमरेला खोचलेला, पाय अनवाणी. ती गावातून अक्कलकोट रस्त्याच्या दिशेने वळली. कुंभारीत एक म्हातारी उठून दारात बसली असणार, आणि तिला जेवढं दिसत होतं तेवढ्याने रस्त्याकडे बघत असणार.